गरुडाच्या ठशामागील हात



रशियाच्या झारच्या दरबारातील चांदीकाम म्हटले की बहुतेकांच्या ओठांवर फाबेर्जे हे एकच नाव येते. 1885 पासून त्याच्या पेढीने राजघराण्यासाठी केलेली रत्नजडित अंडी जगभर गाजली, तेव्हा त्यात नवल नाही. तथापि आज आम्ही आपणांस दुसऱ्या एका पेढीची हकीकत सांगणार आहोत. ती मॉस्कोची, आणि तिचा संस्थापक पावेल अकीमोविच ओव्चिन्निकोव. ही पेढी निवडण्याचे कारण एवढेच की, दरबारी वैभवाच्या मागे माणूस कसा उभा असतो, हे तिच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

ओव्चिन्निकोव या आडनावाच्या मुळाशी जो शब्द आहे, त्याचा अर्थ मेंढीची कातडी कमावणारा. पावेल 1830 साली जन्मला तो भूदास म्हणून. व्होल्कोन्स्की नावाच्या सरदार घराण्याची त्याच्यावर मालकी होती. भूदास म्हणजे काय, हे आपण क्षणभर ध्यानात घेऊ या. जमिनीबरोबर माणूसही मालकाचा. त्याने कुठे राहावे, कोणता धंदा करावा, हे मालक ठरविणार. 1861 साली ही प्रथा कायद्याने उठली, तेव्हा खाजगी जमीनदारांच्या ताब्यात असे दोन कोटींहून अधिक जीव होते!

या मुलाच्या हातात कला आहे, हे मालकाच्या लक्षात आले आणि त्याला मॉस्कोस धाडण्यात आले. तेथे तो आपल्या भावाच्या सोन्याच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. 1850 च्या सुमारास बंधनातून मोकळा झाल्यावर त्याने लग्न केले, आणि पत्नीने आणलेल्या हजार रुबलांच्या हुंड्यावर स्वतःचा कारखाना थाटला. एका बाईच्या हुंड्यातून पुढे झारच्या ताटवाट्या घडाव्यात, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. इतिहासाने मात्र त्या बाईची फारशी आठवण ठेवलेली नाही.

मॉस्कोत चांदीच्या पेढ्यांची वाण नव्हती. साझिकोवांची पेढी तर 1793 पासून चालत आलेली. मग या नवख्याने नाव कसे मिळविले? पीटर बादशहाच्या काळापासून रशियातील श्रीमंतांची आवड पश्चिमेकडे वळली होती. फ्रेंच आणि जर्मन घाटाची भांडी म्हणजे प्रतिष्ठा. ओव्चिन्निकोवाने आपली नजर मागे नेली, सतराव्या शतकातील जुन्या रशियन वेलबुट्टीकडे आणि मीनाकामाकडे.

हे मीनाकाम कसे होई ते थोडे सांगतो, कारण या पेढीचा जीव त्यातच आहे. प्रथम चांदीची बारीक तार पिळून घ्यायची. ती नक्षीच्या रेषेबरहुकूम वाकवून भांड्याच्या अंगावर डाक देऊन बसवायची. त्यामुळे पानाफुलांची चिमुकली घरे तयार होतात. या घरांत रंगीत काचेची ओली पूड भरायची आणि भांडे भट्टीत घालायचे. पूड वितळून बसते, निवताना आकसते. मग पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. आच किंचित जास्त झाली तर रंग काळवंडतो, डाक सुटते, कित्येक दिवसांची मेहनत राखेस मिळते. याखेरीज या पेढीची आणखी एक गंमत होती. चांदीच्या तबकावर घडी विस्कटलेला रुमाल पडलेला दिसे. त्याचे विणलेले सूतही दिसे. उचलायला जावे तो रुमालही चांदीचाच!

1865 साली मॉस्कोतील प्रदर्शनात पेढीचे काम नावाजले गेले आणि युवराज अलेक्झांडर याने तिला आपला पुरवठादार नेमले. 1867 ला पॅरिस, 1873 ला व्हिएन्ना, 1876 ला फिलाडेल्फिया, अशी तिची कीर्ती पसरत गेली. सेंट पीटर्सबर्ग येथे शाखा निघाली. 1881 साली तोच युवराज तिसरा अलेक्झांडर म्हणून गादीवर आला. त्याला स्वतःला जुन्या रशियन वळणाची ओढ होती. कारागिराची दृष्टी आणि राजाची मर्जी एका रेषेत आली. नाममुद्रेच्या डोक्यावर दोन शिरांचा गरुड उमटविण्याचा मान दरबारी पुरवठादाराला असे, आणि तो या पेढीला लाभला. शेजारी 84 हा आकडा असे. शुद्ध चांदी 96 धरली तर भांड्यात 84 भाग. आपल्या भाषेत रुपयात बरोबर चौदा आणे.

परंतु ओव्चिन्निकोवाचा खरा मोठेपणा आम्हांला त्या गरुडात दिसत नाही. तो त्याच्या शाळेत दिसतो. कारखान्याला जोडून त्याने उमेदवार मुलांसाठी शाळा काढली. शंभराहून अधिक मुले तेथे पाच-सहा वर्षे शिकत. हातोडी-छिन्नीबरोबर त्यांना चित्रकला आणि मूर्ती घडविण्याचे धडेही मिळत. नुसता ठोकणारा हात त्याला नको होता, पाहणारा डोळा हवा होता. ज्याला स्वतःला कोणीतरी ‘पाठविले’ म्हणून कला शिकता आली, त्याने इतरांच्या शिकण्याची वाट अशी खुली करून ठेवली.

1888 साली तो वारला. मुलांनी पेढी पुढे चालविली. 1893 साली शिकागोच्या आणि 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनातही तिचा माल झळकला. मग 1917 साल उजाडले. झार गेला, दरबार गेला, आणि त्याबरोबर ही पेढीही बंद पडली. राजवाड्यांतील आणि चर्चमधील कितीतरी चांदी पुढे वितळविली गेली, कितीतरी परदेशी विकली गेली. उरले ते आज मॉस्कोच्या ऐतिहासिक संग्रहालयात, हर्मिटेजमध्ये आणि अमेरिकेतील काही संग्रहालयांत काचेआड आहे.

यातून आम्ही काय घ्यावे? राजाश्रयाने कला फुलते, हे खरे. पण जी केवळ राजाश्रयावर उभी राहते, तिच्या पायाखालची जमीन एका हिवाळ्यात सरकू शकते, हेही तितकेच खरे. त्या भांड्यांवर मालकाचे नाव आहे, राजाचा गरुड आहे, कस तपासणाऱ्याचा शिक्का आहे. ज्याने आचेपुढे बसून ती तार वाकविली त्याची खूण मात्र बहुधा कुठेच नाही. स्वतः एके काळी दुसऱ्याच्या मालकीचा असलेल्या माणसाच्या पेढीतही ती नाही, ही गोष्ट मनाला चटका लावते. पण नाव नसले तरी काम आहे, आणि ते काम शिकविणारी शाळा होती म्हणून ते इतके चांगले आहे.

आज घरी गेल्यावर देवघरातले चांदीचे एखादे जुने निरांजन हातात घ्या. शिक्का पाहा, कस पाहा. आणि मग ज्याचा शिक्का नाही, त्या हाताचीही क्षणभर आठवण करा. एवढेच आमचे मागणे.