बँकॉकमधली कपडेखरेदी : लेबल नको, टेप घ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त खोकला आणि मागून येणारा कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढून टाकलाय.

एका श्रोत्याचा मेल आला होता. ते दिवाळीनंतर बँकॉकला चाललेत. त्यांनी लिहिलंय, "जाताना बॅग अर्धी रिकामी नेणार आहे. स्वतःसाठी, दोन भावांसाठी आणि मेव्हण्यासाठी टी-शर्ट, बर्मुडा, शर्ट तिकडूनच घेईन म्हणतो. स्वस्त मिळतात ना?"

मिळतात. पण मी स्वतः त्या स्वस्तात एकदा चांगला आपटलोय. म्हणून आज माझ्या दोन ट्रिपांचा हिशोब तुमच्यासमोर मांडतो, बाटसकट.

पहिली ट्रिप २०१८ ची. तुम्हाला माहीत आहे, माझं नाशिकला हार्डवेअरचं दुकान. रंगाच्या कंपनीची डीलर ट्रिप होती, आम्ही वीस-बावीस जण. शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रतुनामला सोडलं आणि सांगितलं, तीन तास तुमचे.

प्रतुनाम म्हणजे बँकॉकची कपड्यांची पेठ. रस्त्यावर स्टॉल, गल्लीत स्टॉल, आणि तिथेच तो प्लॅटिनम फॅशन मॉल. आत एसी, मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर आपल्या पानटपरीपेक्षा जरा मोठे असे शेकडो गाळे. इथला एक नियम आधीच समजून घ्या. बऱ्याच गाळ्यांवर दोन भाव असतात. एक नग घेतला तर एक भाव, तीन किंवा जास्त घेतले तर होलसेल भाव. साधारणपणे डिझाइन एकच लागतं, रंग आणि साइज मिसळल्या तरी चालतात. आणि दुसरी गोष्ट, बहुतेक ठिकाणी घालून बघू देत नाहीत. ट्रायल रूमच नसते.

आता बघा हं, ही दोन्ही मिळून काय होतं. घालून बघायचं नाही, आणि एकाऐवजी तीन घ्यायचे. म्हणजे चूक झाली तर एकदम तिप्पट!

मी काय केलं? मला एक्सएल लागतो, म्हणून सगळं एक्सएल उचललं. सहा टी-शर्ट १५० बाटप्रमाणे ९००. दोन बर्मुडा २०० प्रमाणे ४००. आणि सुती-लिननसारख्या कापडाचे तीन शर्ट, ३०० प्रमाणे ९००. त्यातले दोन माझे आणि एक बाबांसाठी, एल साइजचा. एकूण २,२०० बाट. तेव्हा बाट साधारण दोन रुपये दहा पैशांना पडत होता, म्हणजे ४,६०० च्या वर रुपये. अकरा कपडे! बसमध्ये सगळ्यांना पिशवी उघडून दाखवली मी.

घरी येऊन घालून बघितले. टी-शर्ट पोटावर असा बसला की बायको म्हणाली, "श्वास घ्या, पण सोडू नका." तिकडचा एक्सएल आपल्या एल पेक्षाही कमी होता. दोन टी-शर्ट ढगळ फॅशनचे होते म्हणून चालले. बर्मुडा एक चालली, दुसरी मांडीत अडकली. माझे दोन्ही शर्ट भाच्याकडे गेले. तेही त्याने घेतले की ठेवून दिले, देव जाणे.

राहिला बाबांचा शर्ट. फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा. त्यांनी घातला आणि आरशासमोर उभे राहिले. खांदा उतरलेला, पोटाजवळ पंचा गुंडाळल्यासारखं कापड. मी म्हटलं, "अहो, तिकडची कटिंगच तशी असते." तर बायको मागून म्हणाली, "तुम्हाला तिकडचा एक्सएल घट्ट होतो आणि बाबांना तिकडचा एल ढगळ? बाबा कायम एल घालतात ना?"

खरं सांगतो मंडळी, तेव्हा मी पहिल्यांदा बाबांकडे नीट बघितलं. एकाच घरात राहतो आम्ही. रोज सकाळी चहाला समोरासमोर बसतो. पण त्यांचे जुने शर्ट ढगळच असायचे, लेंगा नाडीचा, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टेप आणून छाती मोजली, ३७ भरली. वजन केलं तर वर्षाभरात नऊ किलो कमी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वय झालं, माणूस वाळतोच." दोन दिवसांनी रक्त तपासलं. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. तहान लागणं, रात्री तीनदा उठणं, हे सगळं महिनोन् महिने चाललं होतं. आम्ही उन्हाळा म्हणून सोडून देत होतो.

आता बाबा बरे आहेत, गोळ्या नियमित, चालणं नियमित. पण मला आजही वाटतं, तो शर्ट त्यांना बरोब्बर बसला असता तर अजून किती महिने गेले असते? "बाबांना एल लागतो" हे मी वीस वर्षांपूर्वीचं उत्तर घेऊन बँकॉकला गेलो होतो.

तर अकरापैकी अंगावर टिकले चार. टी-शर्ट दोन, बर्मुडा एक, आणि बाबांचा शर्ट, तोही गल्लीतल्या टेलरकडून आत घेऊन. ४,६०० भागिले चार करा. एक कपडा पडला साडेअकराशेला! त्या पैशात नाशिकच्या मेन रोडवर घालून बघून, बदलून घेऊन, वर चहा पिऊन आलो असतो.

दुसरी ट्रिप २०२३ ची, डिसेंबरात, बायको आणि मुलगा बरोबर. या वेळी तयारी करून गेलो. आता जे सांगतो ते लिहून घ्या.

पहिलं, माप अंगाचं घेऊ नका, कपड्याचं घ्या. म्हणजे असं, घरात जो टी-शर्ट तुम्हाला सगळ्यात छान बसतो, तो पलंगावर सपाट पसरा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप लावा. माझा येतो २३ इंच, म्हणजे घेर ४६. मग खांदा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. मग उंची. पँटची कंबर सपाट, मांडी, मोहरी आणि लांबी. हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि साधा गुंडाळीचा टेप खिशात टाका. तिकडे छातीचं माप इंचातच चालतं, दुकानदार कॅल्क्युलेटरवर ४२, ४४ असा आकडाच दाखवतात. भाषेचा प्रश्नच येत नाही. गाळ्यात टी-शर्ट पसरून टेप लावला तर कुणी रागावत नाही, उलट ते स्वतः एक टोक धरतात.

दुसरं, तीनचा भाव घ्यायचा असेल तर घरातल्यांनी मिळून घ्या. मी आणि मुलाने एकाच डिझाइनचे चार टी-शर्ट घेतले, दोन त्याच्या मापाचे, दोन माझ्या. १६० बाटप्रमाणे पडले. भाव मिळावा म्हणून तिसरा नग घेऊ नका. तो तिसरा नग कपाटात सर्वात खाली जातो.

तिसरं, कापड. लेबल बघा, शंभर टक्के सुती की पॉलिस्टर मिसळलेलं. मग टी-शर्ट उलटा करून बाजूची शिवण बघा. ती काखेपासून खालपर्यंत सरळ उतरली पाहिजे. आत्ताच तिरकी दिसत असेल तर दोन धुण्यांत ती पोटावर येणार. होजिअरीचं कापड पिळतं, हा त्याचा स्वभाव आहे. गळ्याची पट्टी हलकेच ताणून सोडा, परत जागेवर आली पाहिजे. आणि कापड उजेडासमोर धरा. पलीकडचा माणूस दिसला तर ठेवून द्या!

चौथं, जागा. प्रतुनाम आणि प्लॅटिनम सांगितलंच. बोबे म्हणून दुसरा होलसेल बाजार आहे, सेन सेप कालव्यातल्या बोटीने थेट जाता येतं. चतुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारचा, स्कायट्रेनने मो चित स्टेशनला उतरायचं. तिथे हजारो गाळे आहेत आणि उकाडा असा की दुपारी बारानंतर माणूस भाव न विचारता पैसे देतो. म्हणून सकाळी जा. आवडलेला गाळा पुन्हा सापडत नाही, म्हणून गल्लीच्या नंबराचा फोटो काढा. मधे घड्याळाचा मनोरा आहे, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं ठरवून ठेवा.

घासाघीस चालते, पण हसून. "लोत दाय माय ख्रप?" म्हणजे कमी होईल का हो? एवढं एक वाक्य पाठ करा. १० - २० बाट सुटतात. प्लॅटिनममध्ये भाव बहुतेक ठरलेले असतात, तिथे फार ताणू नका. आणि रिक्षावाला म्हणजे टुकटुकवाला म्हणाला की चला, ओळखीच्या टेलरकडे नेतो, एका दिवसात सूट, तर नमस्कार करा. अशा फेरीत त्याचं कमिशन असतं आणि ते आपल्याच बिलातून जातं.

पाचवं, पैसे. परदेशी कार्डावर तिकडचं एटीएम दर वेळी २२० बाटच्या आसपास फी घेतं. म्हणजे एका टी-शर्टपेक्षा जास्त! चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. मशीनने किंवा दुकानाने विचारलं, रुपयात की बाटमध्ये, तर बाट म्हणा. रुपयात म्हटलं की ते त्यांचा दर लावतात. तिकडे व्हॅट ७ टक्के आहे. मोठ्या मॉलमध्ये, पर्यटकांसाठी व्हॅट परताव्याची पाटी असलेल्या दुकानात एका दिवशी २,००० बाट किंवा जास्त खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. बाजारातल्या गाळ्यांवर हे नाही. तेवढ्यासाठी २,००० ची खरेदी मात्र करू नका.

सहावं, इथे मिळतं ते तिथून आणू नका. युनिक्लो मुंबईत २०२३ पासून आहे. मोठ्या ब्रँडच्या दुकानात लेबल उलटून बघा, कधी कधी बांगलादेश लिहिलेलं असतं, कधी चक्क भारत. आपल्या तिरुपूरचा बनियन बँकॉकहून आणायचा म्हणजे कमालच. आणि फूटपाथवरचे खोट्या ब्रँडचे टी-शर्ट तर अजिबात नकोत.

सातवं, आणि हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. ट्रिपच्या पहिल्याच दिवशी एकच नग घ्या आणि दुसऱ्या दिवशी घालून फिरा. घाम येतो, बोचतं, रंग जातो, सगळं कळतं. मग परत जाऊन अजून घ्या. शेवटच्या तीन तासांत खरेदी केली की २०१८ होतं. एक पातळ फुलपँट मात्र घरूनच न्या. ग्रँड पॅलेसमध्ये पुरुषांनाही हाफपँटवर सोडत नाहीत, आणि मग बाहेर हत्तींच्या चित्रांची पँट घ्यावी लागते. ती नाशिकला कुठे घालणार?

दुसऱ्या ट्रिपचा हिशोब ऐका. चार टी-शर्ट ६४०, दोन बर्मुडा ४४०, दोन शर्ट ५८०. एकूण १,६६० बाट, तेव्हाच्या दराने जेमतेम चार हजार रुपये. आठ कपडे, आठही वापरात. एक पडला पाचशेला.

त्या दोन शर्टांतला एक बाबांचा. निघायच्या आदल्या रात्री टेप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "माझं कशाला, शर्टाचं माप घे. तूच सांगतोस ना सगळ्यांना पॉडकास्टवर?" आणि तो जुना फिकट निळा शर्ट दोरीवरून काढून आणून दिला. मी त्याचं माप घेतलं. मग म्हटलं, हात वर करा, तुमचंही घेतो. ३९ भरली. २०१८ च्या ३७ वरून ३९. मी काही बोललो नाही, ते पण नाही. पण टेप गुंडाळताना बायकोने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, गॅसच्या नंबराखाली.

तर मेल पाठवणाऱ्या दादा, तुमचं उत्तर असं. बॅग अर्धी रिकामी न्या, हरकत नाही. पण निघायच्या आधी दोन्ही भावांना आणि मेव्हण्याला घरी बोलवा, चहा करा, आणि टेप काढा. फोनवर साइज विचारू नका. माणूस फोनवर नेहमी जुनीच साइज सांगतो.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या कपाटात परदेशातून आणलेला आणि एकदाही न घातलेला कपडा असेल तर तो कुठला आणि केवढ्याला पडला, ते जरूर कळवा. पुढच्या भागात सगळ्यांचे हिशोब वाचू. तोपर्यंत, काळजी घ्या.