चांद्याच्या धोंड्यांची साक्ष

मी देहूरोडचा रहिवासी. शाळेंतील नोकरी संपून कांहीं वर्षें झालीं. घोरवडेश्वराच्या डोंगराकडे फिरावयास जातांना एक जुना प्रसंग मला वारंवार आठवतो. भूगोलाच्या तासाला एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपल्या महाराष्ट्रांत कधीं हिमनद्या होत्या काय?" मीं हंसून म्हटलें, "अरे, आपला दगड लाव्ह्याचा. येथें बर्फ कोठून येणार?" वर्ग हंसला, मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. पुढें कांहीं वाचन घडलें, तेव्हां कळलें, कीं चुकलों होतों तो मी.

आपल्याकडचा काळा कातळ सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींचा. विदर्भाच्या पूर्वेस त्याचें पांघरूण संपतें आणि त्याहून कितीतरी जुने थर उघडे पडतात. तेथें, पूर्वींच्या चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, बल्लारपूर-घुगुसच्या दगडी कोळशाच्याही खालीं धोंड्यांचा एक चमत्कारिक थर आहे. त्याचें वय सुमारें ३० कोटि वर्षें. असाच थर ओडिशांतील तालचेर येथें ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड यांनीं पाहिला आणि १८५६ सालीं तो बर्फाशीं संबंधित असावा असें सुचविलें. उष्ण देशांत बर्फ! अनेकांना तें पटेना.

शंका रास्त होती. तेव्हां पुरावा कसा तपासतात, तें पाहूं. नदी जड गोटे आधीं टाकते, वाळू पुढें नेते आणि गाळ सर्वांत शेवटीं ठेवते. शिवाय गोटे सर्व बाजूंनीं घासून वाटोळे करते. बर्फाला अशी निवड ठाऊक नाहीं. हत्तीएवढा धोंडा आणि पिठासारखी माती तो एकत्रच नेतो व वितळतांना एकत्रच टाकतो. त्याच्या तळाशीं गोठलेला दगड कातळावर फरफटत जातो. त्याची एक बाजू सपाट होते आणि तिच्यावर समांतर चरे उमटतात.

परंतु दरड कोसळली तरीही माती-धोंड्यांची अशीच सरमिसळ होते. म्हणून एका साक्षीदारावर निकाल देतां येत नाहीं. दुसरा साक्षीदार मिळाला तो चांद्याजवळच्या इरई गांवाच्या परिसरांत. तेथें धोंड्यांच्या थराखालचा चुनखडीचा कातळ घासून गुळगुळीत झालेला व समांतर चऱ्यांनीं भरलेला आढळला. फेडन यांनीं १८७५ सालीं ही हकीगत प्रसिद्ध केली. धोंडा आणि फरशी, दोघांच्याही अंगावर तेच ओरखडे!

हे चरे बर्फाच्या वाटेची रेषा दाखवितात. पण बर्फ तिच्या कोणत्या टोकाकडून आला? त्यासाठीं धोंड्यांचें मूळ गांव शोधावें लागतें. एखाद्या जातीचा खडक जेथें मुळांत आहे, तेथूनच तो धोंडा निघाला. धोंड्यांच्या थरावर बारीक गाळ आणि त्यावर पुन्हां धोंडे आढळले, तर बर्फ मागें हटून पुन्हां पुढें आला असावा असें अनुमान निघतें. मात्र येथें जपावें लागतें. आम्ही शिक्षक पुढच्या तासासाठीं फळा पुसतों, तसा नवा बर्फ जुन्या बर्फाच्या खुणा पुसतो. म्हणून मोजलेल्या चढाया या कमींत कमी चढाया होत. प्रत्यक्षांत त्या अधिक असूं शकतील.

अशाच खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेंही सांपडल्या. आज दूर असलेले हे भूभाग तेव्हां एकत्र, दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होते. वेगेनर यांनीं १९१२ पासून मांडलेल्या खंडांच्या स्थलांतराच्या विचाराला या धोंड्यांचा मोठा आधार मिळाला. त्या जुन्या महाखंडाचें नांवही आपल्या गोंडवनावरूनच पडलें आहे.

श्रोतेहो, या दस्तऐवजाची दुसरी प्रत नाहीं. चरे असलेला कातळ एकदां खाणीसाठीं फोडला, कीं ती साक्ष कायमची गेली. म्हणून तो जपला पाहिजे.

आणि घरांतल्या मुलानें असा कांहीं विचित्र प्रश्न केला, तर माझ्यासारखें हंसूं नका. "पाहूं या" एवढेंच म्हणा. माझा तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असेल, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर, उशिरां कां होईना, मीं दिलें आहे: होय बाळ, होत्या.