वादळाकडे पाठ करून बसलेला चित्रकार

रेषेकडे बघायचं कसं हे याच संस्थेनं शिकवलं, म्हणून आज बोलायला एक चित्रच निवडलं आहे : हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट याचं 'तीन झाडं', 1643 सालचं एचिंग. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेखाटायचं, उघडं पडलेलं तांबं ॲसिडनं खाल्लं की त्या खाचांत शाई भरून कागदावर छापायचं, तंत्र एवढंच. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा. डावीकडे पावसाच्या तिरप्या रेघा सपकन उतरतात, वर ढग घुसळतात, उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं आणि त्यांच्यामागे उजळलेलं आभाळ. बहुतेक जण इथवर बघतात, 'वा!' म्हणतात आणि पुढे सरकतात.

माझं म्हणणं असं, की चित्र खरं इथून पुढे सुरू होतं. डावीकडे पाण्याच्या काठाशी एक माणूस गळ टाकून बसला आहे, शेजारी बाई. सपाट कुरणात गुरं, टेकाडाच्या माथ्यावर माणसांनी भरलेली गाडी, आणि उजवीकडे रेखाटन करत बसलेला एक चित्रकार, तोही वादळाकडे पाठ करून! आडोशाला कुणी धावत नाही. काही जण या वादळात रेम्ब्रांटचं दुःख वाचतात, कारण आदल्याच वर्षी त्याची पत्नी सास्किया वारली होती. असेलही, पण नुसतं दुःखच मांडायचं असतं, तर नखापेक्षा लहान माणसं त्यानं इतक्या निगुतीनं कशाला कोरली असती? वादळ हा त्यांच्या कामाच्या दिवसाचाच भाग आहे, हे सावकाश बघणाऱ्यालाच कळतं.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर वादळ क्षणात टिपता येतं. जरूर टिपा. पण कॅमेरा समोरचं सगळं एका दमात घेतो. त्यातलं काय महत्त्वाचं, हे ठरवायला तुमचाच डोळा लागतो, आणि तो घाईत तयार होत नाही. कुणी म्हणेल, हॉलंडचं चित्र आपल्याला काय कामाचं? त्याच रेम्ब्रांटनं आपल्याकडची मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनं केली होती. त्याला ती परकी वाटली नाहीत.

पुढच्या रांगेत प्राचार्य आणि पालक बसले आहेत, त्यांना विनंती आहे : आठवड्यातला एक तास मुलांना एकच चित्र बघायला द्या, आणि त्या तासाला गुण ठेवू नका.