चिरुटाची पारख



विडी कामगारांत आयुष्य घालवलेला माणूस हवानाच्या उंची चिरुटावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण त्या चिरुटालाही वळणारे हात असतात.

षोकीन माणूस प्रथम चिरूट बोटांनी हळूच दाबून पाहतो. कुठे गाठ, कुठे पोकळ लागले, तर भरण सारखे बसलेले नाही. मग न पेटवता ओढून पाहतो. पेटल्यावर कड सारखी जळते की एका अंगाने, तेही पाहतो. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवायचा. तंबाखूचा अपाय मात्र तेवढ्याने टळत नाही. अर्ध्यावर चव बदलते, शेवटी जोर वाढतो.

हा सारा खेळ आतल्या पानांचा. झाडाच्या शेंड्याकडचे पान ‘लिगेरो’: उन्हात पोसलेले, जोरकस, सावकाश जळणारे. मधले ‘सेको’ सुवासाचे. खालचे ‘वोलादो’ चटकन पेट घेणारे. लिगेरो नेहमी गाभ्यात घालावे लागते; कडेला सरकले की चिरूट वाकडा जळतो. म्हणजे धनिकाच्या जिभेवरची चव वळणाऱ्याच्या बोटांतून येते.

आणि त्या बोटांचे कान रिकामे नव्हते. 1865 मध्ये हवानाच्या कारखान्यांत मजुरांना वर्तमानपत्रे, पुस्तके वाचून दाखवण्यास सुरुवात झाली. वाचकाचा पगार मजूरच वर्गणीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली; प्रथा मात्र पुन्हा उभी राहिली. फ्लॉरिडातील टँपा येथे 1931 मध्ये मालकांनी वाचक काढून टाकले, तेव्हा मजुरांनी संप केला. आपल्याकडे कण्णूरच्या विडी कामगारांतही असे वाचन चाले.

विडीची पारख निराळी. तपासनीस एकही विडी न ओढता जुडीतल्या विड्या बाजूला काढतो. ती ‘छाट’. तिची मजुरी नाही, आणि पुष्कळदा विडीही परत नाही! छाटीवरून मी जितकी भांडणे केली, तितकी मजुरीच्या दरावरूनही केली नसतील. 1966 च्या कायद्याच्या नावात विडी आणि सिगार शेजारी बसले; पारखीत कधी बसले नाहीत.

एका स्नेह्याने मला परदेशी चिरूट दिला होता. तो मी आमच्या एका जुन्या सभासद बाईंच्या हाती ठेवला. जन्मात चिरूट न पाहिलेल्या त्या बाईंनी दोन बोटांनी दाबला आणि म्हणाल्या, “दादा, इथं हात सैल पडलाय बघा.”

संध्याकाळी स्नेह्याने तो पेटवला. नेमका तिथेच एका अंगाने भडकला.