गृहशोभेतील तिरपी रेषा

अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, या शहराच्या जुन्या पेठांतील एखाद्या वाड्यात दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली आहे असे समजावे. तीत एक पलंग, एक कपाट, एक मेज, दोन खुर्च्या आणि मधोमध अंथरलेली सतरंजी, एवढेच काय ते सामान. प्रत्येक वस्तू भिंतीशी काटेकोर समांतर ठेवलेली आहे. व्यवस्थेत कसूर नाही. तरीही चार पाहुणे आले की गृहिणीस वाटते, खोली फारच अपुरी आहे. मग नवे पडदे येतात, भिंतींना नवा रंग लागतो, पदरचे पैसे खर्च होतात. खोली मात्र होती तेवढीच वाटते. अशा वेळी दोष पुष्कळदा वस्तूंचा नसतो, रेषांचा असतो, आणि रेषा बदलावयास पैसे लागत नाहीत.

घरातील रेषा तीन प्रकारच्या होत. जमीन, पलंग, मेज यांच्या आडव्या रेषा विश्रांती सुचवितात. खांब, दारे, कपाटे यांच्या उभ्या रेषांनी उंची व भारदस्तपणा येतो. तिसरी रेषा तिरपी. ती गती सुचविते. कललेली वस्तू एक तर पडत असते किंवा चढत असते, हा अनुभव मनुष्यास बालपणापासून असतो. म्हणून तिरप्या रेषेवर दृष्टी स्थिर राहत नाही. ती रेषेच्या टोकापर्यंत धावत जाते. या रेषेचा गुण तो हाच आणि दोषही हाच.

ही रेषा नगरच्या मंडळींना परकी नाही. शहराबाहेरचा फराहबाग महाल निजामशाहीत सोळाव्या शतकात बांधला गेला. शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर त्याच शतकातील सलाबतखानाची तीन मजली कबर उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. या दोन्ही इमारती अष्टकोनी आहेत. अष्टकोन म्हणजे चारही कोपरे तिरपे छाटलेला चौकोनच होय. चौकोनाची बाजू दहा हात असेल, तर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे तीन हातांस किंचित कमी अंतर मोजून छाट घेतली की आठही बाजू सारख्या होतात, आणि नव्वद अंशांच्या कोनाऐवजी एकशे पस्तीस अंशांचा मोकळा कोन मिळतो. काटकोनात दृष्टी अडकते. या मोकळ्या कोनावरून ती सहज पुढे वळते. चौकोनी दालनावर घुमट बसवावयाचा असला म्हणजेही गवंडी कोपऱ्यांवर तिरप्या कमानी टाकून आधी अष्टकोन साधतो, आणि मग त्यावर वर्तुळ पेलतो.

घराच्या उंबऱ्यापुढे गृहिणी रोज हेच शास्त्र वापरीत असते. ठिपक्यांची रांगोळी काढताना एक, तीन, पाच, सात आणि पुन्हा पाच, तीन, एक अशा ओळी मांडल्या की पंचवीस ठिपक्यांचा, टोकावर उभा असा चौकोन तयार होतो. त्याच्या चारही कडा उंबऱ्याशी तिरप्या असतात आणि एक टोक दाराकडे असते. येणाऱ्याची दृष्टी त्या टोकावरून आपोआप घरात शिरते.

आता पुन्हा त्या खोलीकडे वळावे. दहा फूट रुंदी व बारा फूट लांबी असलेल्या त्या खोलीत सर्वांत लांब सरळ रेषा कोणत्याही भिंतीची नाही. ती एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी कर्णरेषा होय, आणि तिची लांबी साडेपंधरा फुटांहून थोडी अधिक भरते. दार एका कोपऱ्याजवळ असेल तर ही वाट मोकळी ठेवावी, सतरंजी त्याच दिशेने तिरपी अंथरावी, आणि पलीकडच्या कोपऱ्यात एखादी समई, फुलदाणी किंवा पुस्तकांची लहान मांडणी ठेवावी. आत येणाऱ्याची दृष्टी प्रथम ते साडेपंधरा फूट चालून जाते, आणि खोली तेवढी दीर्घ भासते.

येथे एक मोह आवरला पाहिजे. सतरंजी तिरपी शोभली म्हणून कपाटही कोपऱ्यात तिरपे ठेवावेसे वाटते. परंतु चार फूट रुंदीचे कपाट असे ठेवले की त्याच्या मागे चार चौरस फुटांचा त्रिकोण वाया जातो; तेथे झाडू पोहोचत नाही व धूळ साचते. लहान घरात तिरपेपणा जमिनीवर असावा, जड सामानात नसावा.

फरशीलाही हाच विचार लागू आहे. जुन्या वाड्यांच्या भिंती पुष्कळदा गुण्यात नसतात. भिंतीशी समांतर फरशी घातली तर कडेची पट्टी एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास अरुंद होऊन तो वाकडेपणा उघडा पडतो. तिरप्या फरशीत कडेला त्रिकोणी तुकडेच येतात, त्यामुळे तो फरक सहसा लक्षात येत नाही. मात्र कापणी अधिक, नासधूस अधिक व मजुरीही अधिक. तेव्हा हिशेब आधी करावा, आणि काम खोलीच्या मध्यापासून सुरू करावयास सांगावे.

जिना ही तर घरातील स्वाभाविक तिरपी रेषा. त्याच्या भिंतीवर तसबिरी लावावयाच्या असतील तर त्यांचे मध्यबिंदू जिन्याच्या चढाशी समांतर ठेवावेत. प्रत्येक तसबीर मात्र सरळच असावी.

तिरप्या रेषेचा खरा मान फळ्यांच्या दाराच्या मागील बाजूस दिसतो. नुसत्या उभ्या फळ्या व आडव्या पट्ट्या यांचे दार कालांतराने कडीच्या बाजूस खाली उतरते, कारण चौकट दबून कलू शकते. तीत तिरपी पट्टी ठोकली की त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाचा आकार बदलत नाही. मात्र त्या लाकडी पट्टीचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूस हवे, म्हणजे दाराचा भार बिजागरीकडे उतरतो. उलट ठोकल्यास पट्टीवर ताण येऊन तिचे सांधे सैल होतात. तेथे ही रेषा शोभेसाठी आलेली नसते, आणि तरीही शोभून दिसते.

यावरून घर सजविताना एक नियम घेता येतो. तिरपी रेषा तेथेच आणावी, जेथे ती दृष्टीस वाट दाखविते अथवा भार पेलते. आणि एका खोलीत तशी एकच असावी. सतरंजी, पडदे व अभ्रे या सर्वांवर निरनिराळ्या दिशांचे तिरपे पट्टे आले, तर दमून घरी आलेल्या माणसाच्या दृष्टीस कोठेच विसावा मिळत नाही. आडव्या व उभ्या रेषांनी घराचा पाया शांत राखावा; मग त्यातील एकच तिरपी रेषा त्या लहानशा खोलीस मोकळेपणा देण्यास पुरेशी होते.