अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पहिला धडा
(महोत्सवाच्या सभेतील भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. म्हणून आज एका फार लहान विद्यार्थ्याविषयी बोलतो. अपुऱ्या दिवसांचे बाळ हा तो विद्यार्थी आणि तोंडाने दूध पिणे हा त्याचा पहिला धडा.

चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भाच्या चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेले बाळ अंगावर ओढत नाही, यात आईचा दोष नाही. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' हा समजही खोटा. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळच देतो.

इस्पितळात अशा बाळाला आधी नळीने, मग वाटी-चमच्याने, शेवटी अंगावर पाजतात. दूध शक्यतो आईचेच, पिळून काढलेले. बाळाला अर्धवट बसते धरावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा, एक घोट गिळला की मगच दुसरा द्यावा. आपल्या आजीचे बोंडले याच कामाचे. मात्र ते दर वेळी उकळून घ्यावे. मध, घुटी, बाटली नको. पिताना बाळ निळे पडले किंवा श्वास अडखळला, तर पाजणे थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. एरवी त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवावे. ऊब मिळते आणि चोखण्याची ओढही लागते.

मोठ्या शहरातच हे साधते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी देखभाल करण्यास शिकविले. अशी देखभाल नसलेल्या खेड्यांच्या तुलनेत तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्याकडे आशाताई घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

परंतु दर दोन तासांनी पाजणे म्हणजे दिवसरात्र बारा वेळा. दूध काढणे, पाजणे, भांडी उकळणे आणि वर चूल सांभाळणे एकट्या बाळंतिणीच्याने होत नाही. तिचा धीर सुटला की बाटली घरात येते.

म्हणून ट्रस्टला आमची एकच विनंती. हुलसुरात असे बाळ बिदरहून घरी आले, तर पहिला महिनाभर त्या घरी भाकरी पोचावी, रात्रीच्या सोबतीला एक जाणती बाई असावी आणि तपासणीच्या फेऱ्यांचे भाडे ट्रस्टने द्यावे. जात-धर्म विचारू नये. घोट सर्वांचा सारखाच असतो.