रिपेअर की रिडेव्हलपमेंट? : हाडे, सांधे आणि आपण

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. ३६ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोर आलेल्या प्रस्तावाला चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय. गेल्या वर्षी आमच्या सौ. बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता पुढच्या महिन्यात माझा उजवा गुडघा बदलायचा आहे. त्या निमित्ताने जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेच आज मांडतो. औषध सांगणार नाही. प्रश्न कोणते विचारायचे, एवढंच सांगेन.

सध्या आपल्या सोसायटीत एकच चर्चा आहे, रिपेअर करायचं की रिडेव्हलपमेंटला जायचं? शरीराच्या बाबतीतही वाद हाच असतो. पण तिथे उत्तर बरंचसं रक्तपुरवठ्यावर ठरतं. जिथे रक्त पोचतं तिथे शरीर स्वतः दुरुस्ती करतं. जिथे पोचत नाही तिथे करत नाही.

आधी हाड घेऊ. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कच्चा सांधा धरतो, मग तो पक्का होतो. पुढे कित्येक महिने शरीर त्याला घासूनपुसून मूळ आकारावर आणतं. कातडीवर जखमेचा व्रण राहतो, पण हाडाच्या जागी पुन्हा हाडच तयार होतं. मग सर्जन काय करतो? तुकडे जागेवर आणतो आणि हलू देत नाही. जुळवण्याचं काम शरीराचंच. १९३९ साली जर्मनीतल्या कील शहरात क्युंचर नावाच्या सर्जनने मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब धातूचा खिळा बसवला. आज आपण ‘पायात रॉड टाकला’ म्हणतो तो हाच. त्याआधी मांडी मोडलेला माणूस कित्येक आठवडे वजनं लटकवून पडून असायचा.

रशियात सायबेरियाच्या कुर्गान गावात इलिझारोव यांनी तर कमालच केली. पायाभोवती कडी आणि तारा लावून हाडाचे दोन भाग रोज साधारण १ मिलिमीटर दूर सरकवायचे. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक अनेक वर्षं जुनं दुखणं घेऊन १९८० मध्ये तिथे गेला आणि बरा होऊन परतला. त्यानंतर ही पद्धत पश्चिमेकडच्या डॉक्टरांना माहीत झाली. आखूड पाय याच तत्त्वावर लांब करतात.

मग सौ.चं हाड जुळवलं का नाही? कारण तिचं फ्रॅक्चर खुब्याच्या मानेत होतं. तिथे हाड सरकलं की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून या वयात तो गोळाच बदलतात. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि त्यानंतरच्या सकाळी ती वॉकर धरून उभी राहिली. घरातली वडीलधारी मंडळी म्हणत होती, ‘वय झालंय, कशाला कापाकापी, पडून राहू दे.’ मंडळी, हे कृपया लक्षात ठेवा. या वयात पडून राहण्यानेच माणूस जातो. बेडसोअर होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. आणि हाडवैद्याकडे घट्ट पट्ट्या बांधून घेऊ नका. रक्त अडलं तर हातपाय गमवायची वेळ येते.

आता गुडघा. आपण जिला ‘गादी’ म्हणतो ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. १७४३ सालीच विल्यम हंटर यांनी लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा गेली की ती परत येत नाही. म्हणून पूर्ण झिजलेल्या सांध्याला रिडेव्हलपमेंटच लागते. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती काही वर्षांतच झिजली. मग नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी टणक पॉलिथिन वापरायला घेतलं आणि ते टिकलं. आजचे कृत्रिम सांधे त्याच वाटेने आलेत. किती टिकतात? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. म्हणजे आपल्या इमारतीपेक्षा बरे! खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी मागा आणि आजचा दर विचारा.

तिसरी गोष्ट कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. तिला रक्त थोडं मिळतं, म्हणून ती जुळते, पण हळूहळू आणि व्रण धरून. टाचेमागची कंडरा तुटली तर शिवायची की नुसता आधार द्यायचा? नॉर्वेत याची ५०० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर चालणं-फिरणं दोन्हींत सारखंच होतं. मात्र न शिवलेल्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं, शिवलेल्यांत १ टक्क्याहून कमी. उलट शिवलेल्यांत नसेला इजा होण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे एकच उत्तर सर्वांना लागू नाही.

आता जाहिरातींकडे येतो. ‘ऑपरेशनशिवाय गुडघा नवा’ अशी पत्रकं आपल्या लेटरबॉक्समध्ये येतातच. मलाही एका ठिकाणी तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं गेलं. आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून त्या गुडघ्यात सोडतात, त्याला पीआरपी म्हणतात. कल्पना चांगली आहे, त्यावर संशोधनही चालू आहे. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी घेतली. निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन, कोणाला काय दिलं ते रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभराने दुखण्यात आणि कूर्चेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा निकाल २०२१ चा. स्वीडनमध्ये १९९४ साली रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवल्याचा अहवाल आला. तो उपचार आजही चालतो, पण मुख्यतः तरुणांसाठी, खेळताना पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी. सगळी गादी झिजलेल्या आपल्यासारख्यांसाठी तो नाही.

तेव्हा प्रस्तावावर सही करण्याआधीचे माझे चार प्रश्न असे. माझा नेमका कोणता भाग बिघडलाय आणि तो स्वतः भरून येतो का? काही न करता नुसता व्यायाम केला तर काय होईल? हा उपचार सलाईनशी ताडून पाहिलाय का? आणि एकूण खर्च किती, मेडिक्लेम त्यातलं काय देतं?

दोन गोष्टी मात्र फुकट आहेत. तंबाखू, मशेरी, सिगारेट सोडा, त्याने हाड जुळायला वेळ लागतो. आणि रोज चाला, मांडीचे स्नायू बळकट ठेवा.

शेवटी कमिटीला एक विनंती. रिडेव्हलपमेंट व्हायची तेव्हा होवो. तोवर बी विंगच्या पुढच्या तीन पायऱ्यांना कठडा बसवावा, जिन्यात रात्रभर दिवा ठेवावा आणि ऑफिसात सोसायटीचा एक वॉकर आणि एक व्हीलचेअर असावी. वॉकरचे पैसे मी देतो. बाकीचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडतोय, अनुमोदन तेवढं तुम्ही द्या.